पाण्याखाली फोटोही हवा आणि व्हिडिओही : कॅमेरा कोणता घ्यावा?

प्रश्न : मी दोन वर्षांपासून स्कूबा डायव्हिंग करते. पस्तीसेक डाइव्ह झाल्या आहेत. समुद्री गोगलगाई, कोळंबी, खेकडे असले चिमुकले जीव दिसले की मी तिथेच रेंगाळते. त्यांचे फोटो काढून मोठे प्रिंट भिंतीवर लावायचे आहेत. कासव किंवा माशांची झुंड आली की मात्र व्हिडिओ हवासा वाटतो. दोन्हीसाठी एकच कॅमेरा घ्यायचा आहे. एक मैत्रीण म्हणते अ‍ॅक्शन कॅमेरा पुरे, दुसरी म्हणते ऑलिम्पसचा टीजी हा छोटा वॉटरप्रूफ कॅमेरा घे, आणि ज्यांच्याकडून डायव्हिंग शिकले ते मिररलेसच्या (लेन्स बदलता येणाऱ्या मोठ्या कॅमेऱ्याच्या) खाली उतरायलाच तयार नाहीत. माझं बजेट एक मध्यम मिररलेस बॉडी आणि एक लेन्स येईल एवढं आहे. काय घेऊ? आणि ठरेपर्यंत फोन वॉटरप्रूफ पिशवीत घालून नेला तर चालेल का?

उत्तर : आधी सरळ उत्तर, मग कारणं. ‘एकच कॅमेरा’ ही अट सोडा. तुमच्या आवडीला आणि बजेटला टीजी-७ (ऑलिम्पसचा कॅमेरा विभाग आता ओएम सिस्टिम या नावाने चालतो), त्याचं हाउसिंग (पाण्यापासून वाचवणारं कवच), एक स्ट्रोब (पाण्याखालचा फ्लॅश), एक रुंद झोताचा व्हिडिओ लाइट आणि हे सगळं धरणाऱ्या ट्रेवर, म्हणजे मुठीच्या पट्टीवर, बसवलेला एक अ‍ॅक्शन कॅमेरा हा संच बसेल. फार काही शिल्लक राहणार नाही, पण जे घ्याल ते सगळं पहिल्या डाइव्हपासून पाण्यात उतरेल. मिररलेस बॉडी आणि लेन्स घेतलीत तर तेवढ्या पैशांत ती फक्त किनाऱ्यावर चालेल.

इथे बरेच जण फसतात. मिररलेसला पाण्यात न्यायचं तर हाउसिंग लागतं, आणि हाउसिंगची किंमत बहुधा बॉडीएवढी किंवा तिच्याहून जास्त असते. नाकापेक्षा मोती जड असाच हा प्रकार. त्यावर प्रत्येक लेन्ससाठी वेगळं पोर्ट, म्हणजे लेन्ससमोरचा काचेचा किंवा अ‍ॅक्रिलिकचा भाग. मग ट्रे, स्ट्रोब धरणारे आर्म, ते जोडणारे क्लॅम्प, दोन स्ट्रोब. शिवाय बऱ्याच मिररलेस बॉडींना स्वतःचा फ्लॅश नसतो, त्यामुळे स्ट्रोबला इशारा द्यायला हाउसिंगच्या आत हॉट शूवर (कॅमेऱ्याच्या माथ्यावरच्या फ्लॅशच्या खाचेत) एलईडी ट्रिगर बसवावा लागतो. बॉडीला एकूण खर्चाचा पाव हिस्सा मिळाला तरी खूप झालं, असा हिशोब धरून चाला. हाउसिंग त्या त्या मॉडेलपुरतंच असतं हेही ध्यानात ठेवा. बॉडीचं पुढचं मॉडेल आलं आणि एखादं बटण चार मिलीमीटर सरकलं की जुनं हाउसिंग निकामी. म्हणून कॅमेरा आवडला की पहिलं पाहायचं ते त्याला हाउसिंग आहे का, आणि ते अजून बाजारात मिळतंय का.

(एके काळी ही कटकट नव्हती. १९६३ साली आलेला निकोनॉस हा फिल्म कॅमेरा हाउसिंगशिवायच पाण्यात जायचा, आणि ती मालिका २००१ पर्यंत चालली. डिजिटल काळात दर दोन-तीन वर्षांनी बॉडी बदलू लागली आणि कवच वेगळं ठेवणंच परवडू लागलं.)

आता पाण्याकडे वळू, कारण कॅमेऱ्याची निवड तिथे ठरते. पाणी तुमच्या चित्राचं दोन तऱ्हांनी नुकसान करतं. रंग खातं आणि भिंगाचा कोन आवळतं.

रंगांत आधी लाल जातो. साधारण ५ मीटरवर तो मलूल झालेला असतो, १० मीटरच्या आसपास नारिंगी, आणखी खाली पिवळा. उरतो निळा-हिरवा. लोक यात फक्त खोली मोजतात, पण प्रकाशाला सगळा प्रवास मोजावा लागतो. १० मीटर खोलीवरचं कासव तुमच्यापासून ३ मीटरवर असेल तर सूर्यप्रकाश १३ मीटर पाणी कापून तुमच्या लेन्सपर्यंत येतो. स्ट्रोबचा प्रकाशही जाऊन परत येतो, म्हणजे कासव ३ मीटरवर असेल तर ६ मीटर. त्यामुळे स्ट्रोबने रंग परत मिळतात ते साधारण हातभर अंतरापर्यंत, फार तर एक-सव्वा मीटर. पुढे कितीही ताकदीचा स्ट्रोब असला तरी तो मुख्यतः तुमच्या आणि कासवाच्या मधले कणच उजळतो, आणि फोटोत बर्फ पडल्यासारखे पांढरे ठिपके येतात. डायव्हर त्याला बॅकस्कॅटर म्हणतात.

म्हणजे पाण्याखाली झूमचा उपयोग जवळजवळ शून्य. लांबून ओढून आणलेलं चित्र धुरकट, निळं आणि मऊच येणार. मोठ्या गोष्टींसाठी लेन्स रुंद हवी म्हणजे जवळ जाऊनही आख्खं कासव चौकटीत मावेल, आणि लहान जीवांसाठी मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून मोठं टिपणारी, हवी. मधल्या लेन्सला पाण्यात फारसं काम नसतं. तुम्हाला नेमकी ही दोन टोकं हवी आहेत, म्हणून तुमचा प्रश्न अवघड.

कोन आवळण्याचं गणित असं. सपाट काचेतून बघितलं की पाण्यातली वस्तू एकतृतीयांशाने मोठी दिसते. टीजीची लेन्स जमिनीवर २५ मिलीमीटरच्या तोडीची आहे, कर्णाने साधारण ८२ अंश बघते. सपाट पोर्टमागे तोच कोन जेमतेम ६० अंशांवर येतो. मॅक्रोला ही इष्टापत्ती आहे, कारण फुकटचं मोठेपण मिळतं. कासवाला मात्र ती अडचण आहे. उपाय दोन. एक घुमटाकार डोम पोर्ट, जो कोन परत देतो. दुसरा वेट लेन्स, म्हणजे पोर्टच्या बाहेरून पाण्यातच लावता-काढता येणारी लेन्स.

डोमबद्दल एक गोष्ट माहीत नसेल तर मिररलेस घेणारा हमखास चुकतो. डोममागच्या लेन्सला खरं दृश्य दिसत नाही. तिला डोमच्या पुढे साधारण तीन त्रिज्यांच्या अंतरावर तयार झालेली आभासी प्रतिमा दिसते. डोमची त्रिज्या १० सेंटीमीटर असेल तर क्षितिजापर्यंतचं सगळं जग लेन्सच्या दृष्टीने सुमारे ३० सेंटीमीटरमध्ये गोळा झालेलं असतं. इतक्या जवळ फोकस न होणारी महागडी वाइड लेन्स डोममागे आंधळी ठरते. शिवाय ती प्रतिमा वक्र असते, म्हणून कोपरे मऊ येतात. ते सावरायला मोठा डोम लागतो आणि अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत घेणारं छिद्र) एफ/८ ते एफ/११ इतकं आवळावं लागतं. मोठा सेन्सर घेऊन अंधारात चांगलं चित्र मिळवायचा जो फायदा होता, त्यातला बराचसा इथे परत द्यावा लागतो. छोट्या सेन्सरला हा भुर्दंड कमी.

म्हणून मॅक्रोप्रेमी माणसाला आम्ही टीजी-७ सुचवतो. त्याचा सेन्सर लहान आहे, १/२.३३ इंची आणि १२ मेगापिक्सेलचा. एक इंची म्हणवणारा सेन्सर क्षेत्रफळाने त्याच्या चौपट असतो. अंधाऱ्या पाण्यात, स्ट्रोबशिवाय, टीजीचं चित्र दाणेदार येतं. पण मॅक्रोत प्रकाश तुमचा असतो आणि जीव बोटभर अंतरावर, त्यामुळे ही उणीव दिसत नाही. उलट लहान सेन्सरमुळे फोकसची खोली वाढते आणि गोगलगाईची शिंगं व कल्ले दोन्ही स्पष्ट येतात. मोठ्या सेन्सरवर त्यासाठी अ‍ॅपर्चर एफ/१६ च्या पलीकडे न्यावं लागेल. मायक्रोस्कोप मोडमध्ये टीजी लेन्सपासून १ सेंटीमीटरवरही फोकस करतो. हाउसिंगची काच त्यातलं थोडं अंतर खाते, तरी नखाएवढा जीव चौकट भरतो. रॉ फाइल (सेन्सरने टिपलेली कच्ची नोंद) मिळते आणि ती नक्की वापरा, कारण जेपीईजीत निळा रंग एकदा भाजला गेला की परत निघत नाही. १२ मेगापिक्सेल भिंतीवरच्या प्रिंटला पुरतील का, ही शंका येईल. दोन वीत रुंदीच्या प्रिंटला निवांत पुरतात, फक्त चौकट शूट करतानाच भरायची. घरी येऊन अर्धा फोटो कापायचा नाही.

त्याच्या मर्यादाही ऐका. टीजीत अ‍ॅपर्चर तुम्ही ठरवू शकता, पण शटरचा वेग तुमच्या हाती दिलेला नाही, पूर्ण मॅन्युअल मोडच नाही. फोटोत हे चालवून घेता येतं, व्हिडिओत टोचतं. हाउसिंगशिवाय तो १५ मीटरपर्यंत चालतो असं कंपनी सांगते. तरी स्कूबासाठी त्यावर विसंबू नका. एक तर १५ मीटर ही रेषा डाइव्हमध्ये नकळत ओलांडली जाते. दुसरं म्हणजे बॅटरीच्या झाकणावर अडकलेला एक केस किंवा वाळूचा कण सगळा खेळ संपवतो. पीटी-०५९ हे त्याचं हाउसिंग ४५ मीटरपर्यंतचं आहे. त्यात कॅमेऱ्याचं स्वतःचं जलरोधक अंग ही दुसरी तटबंदी ठरते. हाउसिंगमध्ये पाणी शिरूनही कॅमेरा वाचण्याची शक्यता राहते, अशी सोय मिररलेसला नाही.

आणि अ‍ॅक्शन कॅमेरा एकटाच का नको? त्याची लेन्स रुंद आणि स्थिर फोकसची असते. साधारण ३०-४० सेंटीमीटरच्या आतलं काही तिला स्पष्ट दिसत नाही, म्हणजे तुमची गोगलगाय बाद. पुढे लावायच्या मॅक्रो भिंगांनी व्हिडिओ जमतो, पण मग फोकस एका ठरावीक अंतरावरच असतो आणि तुम्हीच पुढेमागे सरकत बसता. फोटोसाठी स्ट्रोबला जोडण्याची सोयही त्यात नाही. पण कासव, माशांची झुंड, सोबतचे डायव्हर यांचा व्हिडिओ तो जितका निमूटपणे काढतो तितका दुसरं कोणी काढत नाही. गोप्रो हीरो ब्लॅक हाउसिंगविना १० मीटरपर्यंत आहे, डीजेआयचा ऑस्मो अ‍ॅक्शन ५ प्रो २० मीटरपर्यंत. दोन्हींची हाउसिंग ६० मीटरची मिळतात. स्पर्शाचा पडदा पाण्यात चालत नाही, म्हणून रिझोल्यूशन, रंग वगैरे सगळं वरच ठरवून जायचं आणि खाली फक्त बटण दाबायचं.

हा अ‍ॅक्शन कॅमेरा टीजीच्या ट्रेवर, हाउसिंगच्या वरच्या बाजूला छोट्या बॉल माउंटवर बसवा. तुम्ही गोगलगाईवर वाकलेल्या असताना डोक्यावरून कासव गेलं, तर ट्रे उचलायचा आणि वरचं बटण दाबायचं. मोड बदलायचा नाही, लेन्स काढायची नाही, स्ट्रोब बंद करायचा नाही. एकाच कॅमेऱ्याने दोन्ही करणारे नेमके या तीन हालचालींत कासव गमावतात.

एकाच कॅमेऱ्याने हे खरोखर नीट करायचं असेल तर एक मांडणी आहे, पुढे कधी बजेट वाढलं तर लक्षात असू द्या : मायक्रो फोर थर्ड्स किंवा एपीएस-सी (सेन्सरचे दोन मोठे आकार) मिररलेस, सोबत येणारी साधी किट झूम लेन्स, तिच्यासमोर सपाट पोर्ट, आणि बाहेरून दोन वेट लेन्स. १३० अंश बघणारी रुंद एक, आणि बिजागरीवर वळवून समोर आणता येणारी मॅक्रो दुसरी. एकाच डाइव्हमध्ये दोन्ही टोकं हाती राहतात. थ्रेड, म्हणजे लेन्स बसवायच्या आट्यांचं माप, कोणती ते तपासा. लहान हाउसिंगवर बहुधा ५२ मिलीमीटरची असते आणि मोठ्यावर ६७ची. वेट लेन्स पाण्यात शिरल्यावर एकदा सैल करून मधली हवा बाहेर काढावी लागते. राहिलेला बुडबुडा फोटोत गोल डाग होऊन बसतो.

तशी बॉडी निवडताना दुकानात कोणी दाखवणार नाही अशा चार गोष्टी पाहा. फोटो आणि व्हिडिओची सेटिंग ती वेगवेगळी जपते का? नाहीतर फोटोचा १/२०० शटर व्हिडिओत येतो, व्हिडिओचा १/५० फोटोत जातो आणि दोन्ही बिघडतात. हाउसिंगवरून मोड डायल फिरवता येतो का? स्वस्त हाउसिंगांत तो दांडाच नसतो. कस्टम व्हाइट बॅलन्स (पांढरं काय ते कॅमेऱ्याला दाखवून रंग जुळवणं) एका बटणावर घेता येतो का, आणि किती केल्विनपर्यंत (हे प्रकाशाच्या रंगाचं माप)? काही कॅमेरे ९९०० केल्विनला थांबतात, आणि खोल निळ्या पाण्यात ‘घेता आला नाही’ असा संदेश दाखवतात. आणि सलग ४के रेकॉर्डिंगमध्ये तो किती तापतो? हाउसिंगमध्ये वारा नसतो. अ‍ॅल्युमिनियमचं हाउसिंग उष्णता पाण्याला देतं, पॉलिकार्बोनेटचं आत कोंडून ठेवतं.

प्रकाशाकडे वळू, कारण बजेटचा कस इथे लागतो. फोटोला स्ट्रोब आणि व्हिडिओला लाइट, यात तडजोड नाही. स्ट्रोबचा लखलखाट सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास संपतो, तो व्हिडिओत निरुपयोगी. उलट व्हिडिओ लाइटवर फोटो काढायचा तर शटर १/१२५ असताना त्याच्या एका सेकंदाच्या प्रकाशातला सव्वाशेवा हिस्साच तुमच्या वाट्याला येतो. म्हणून ‘दोन्हीला चालेल’ म्हणून विकला जाणारा लाइट फोटोत फिका पडतो. स्थिर बसलेल्या गोगलगाईवर, बोटभर अंतरावरून, एवढाच त्याचा फोटोतला उपयोग.

तुमच्या ट्रेवर डाव्या आर्मला स्ट्रोब, उजव्याला २५०० ते ३००० ल्युमेनचा, निदान १०० अंश झोताचा लाइट. अरुंद झोताचा डाइव्ह टॉर्च इथे नको, व्हिडिओत मध्ये एक पांढरं वर्तुळ आणि भोवती अंधार येतो. हाच लाइट मंद ठेवून मॅक्रोत फोकससाठी वापरा. स्ट्रोब पेटला की त्याचा उजेड फोटोत जाणवतही नाही. मोठ्या माशांच्या व्हिडिओला मात्र हा पुरणार नाही, एक मीटरपुढे त्याचा रंग पोचत नाही. तिथे नैसर्गिक प्रकाशच घ्यायचा आणि लाइट बंद करायचा, नाहीतर जवळचे कण तेवढे चमकतील.

स्ट्रोब हाउसिंगला फायबर ऑप्टिक केबलने जोडला जातो. कॅमेऱ्याचा छोटा फ्लॅश केबलमधून दिसला की स्ट्रोब पेटतो. फोटो काळा आला तर बहुतेक वेळा कारण एकच असतं : कॅमेरा खऱ्या फ्लॅशआधी एक चाचणी फ्लॅश मारतो, स्ट्रोब त्यालाच फसून आधी पेटतो. स्ट्रोबच्या मागे प्री-फ्लॅशची निवड असते, ती कॅमेऱ्याशी जुळवा. मिररलेसवर आणखी एक कारण सापडतं, सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर चुकून चालू राहिलेलं असतं. स्ट्रोब कधीही पोर्टच्या पुढे आणू नका. पोर्टच्या रेषेत किंवा किंचित मागे, बाहेरच्या अंगाला वळवलेला ठेवा, म्हणजे झोताची कड विषयाला स्पर्शेल आणि मधले कण अंधारात राहतील. मॅक्रोत तो जवळ, वरून, खाली झुकवलेला चालतो.

व्हिडिओच्या रंगाचं काय? ५ ते १५ मीटरच्या निळ्या पाण्यात अ‍ॅक्शन कॅमेऱ्यावर लाल फिल्टर कामाला येतो, हिरवट पाण्यात जांभळट गुलाबी छटेचा मॅजेंटा. पण तो लाल रंग आणत नाही, निळा-हिरवा अडवतो, आणि त्यात एक ते दोन स्टॉप उजेड जातो (एक स्टॉप गेला म्हणजे उजेड निम्मा). दुधाची तहान ताकावर भागवण्याचाच प्रकार, पण खालच्या उजेडात ताकही बरं लागतं. ३ मीटरच्या वर चित्र लालभडक होतं, २० मीटरखाली नुसतं काळवंडतं. लाइट लावला की फिल्टर आधी काढायचा, हे विसरलात तर गोगलगाय टोमॅटोसारखी येईल. टीजीवर व्हिडिओ काढाल तेव्हा फिल्टर नको, व्हाइट बॅलन्स घ्या : सूर्य पाठीशी, लाइट बंद, पांढरी पाटी किंवा फिकट वाळू चौकटभर, आणि दर ३-५ मीटर खोली बदलली की पुन्हा. शॉट घेताना ट्रे किमान दहा सेकंद हलवायचा नाही. सुरुवातीला हे दहा सेकंद फार लांब वाटतात, घरी संपादनाला बसल्यावर तोकडे पडतात. कार्ड व्ही३० वर्गाचं (व्हिडिओला पुरेल इतक्या वेगाचं) घ्या. १०० मेगाबिटच्या व्हिडिओला तासाला ४५ जीबी लागतात, त्यामुळे १२८ जीबी दिवसाच्या डाइव्हना पुरतं.

हाउसिंगची निगा हा कंटाळवाणा भाग आहे, पण सगळे पैसे त्या एका रबराच्या कड्यावर टांगलेले असतात. हे कडं, म्हणजे ओ-रिंग, काढताना टाचणी किंवा सुरी वापरू नका, प्लास्टिक कार्डाच्या कोपऱ्याने दाबून उचला. दोन बोटांतून सावकाश फिरवा, डोळ्यांना न दिसणारा केस बोटांना लागतो. खाचेतली वाळू तंतू न सुटणाऱ्या कापडाने पुसा. ग्रीस मोहरीच्या दाण्याएवढं, कडं नुसतं ओलसर चमकेल इतकंच. पाणी ग्रीसने अडत नाही, दाबाने बसलेल्या रबराने अडतं. ग्रीस फक्त ते रबर जागेवर सरकायला मदत करतं. जास्त ग्रीस केस आणि वाळू गोळा करतं. ग्रीस त्याच कंपनीचं घ्या, कारण सिलिकोनच्या कड्याला चुकीचं ग्रीस लागलं तर ते फुगतं आणि मग खाचेत मावत नाही. झाकण बंद करण्याआधी कॅमेऱ्याचा पट्टा किंवा सिलिका जेलची पुडी कडेला डोकावत नाही ना, हे चारही बाजूंनी बघा. पाणी शिरण्याचं हे सर्वांत हास्यास्पद आणि सर्वांत नेहमीचं कारण आहे.

नवीन हाउसिंग पहिल्या डाइव्हला रिकामं न्या, आत टिश्यू पेपर ठेवून. कोरडा परत आला तर पुढच्या डाइव्हला कॅमेरा. जुनं हाउसिंग घेत असाल तर पॉलिकार्बोनेटमध्ये क्लिपांभोवती बारीक तडे बघा, आणि बटणांच्या दांड्यांवरची छोटी कडी शेवटची कधी बदलली ते विचारा. ती तुम्हाला स्वतःला बदलता येत नाहीत.

आत बाष्प धरणं म्हणजे गळती नव्हे. बोटीच्या दमट हवेत हाउसिंग बंद केलं तर तीच हवा आत अडकते, खाली थंड पाणी लागलं की काचेवर जमते. खोलीत एसीखाली बंद करा, जेलची पुडी टाका, आणि उतरण्याआधी उन्हात ठेवू नका. परत आल्यावर गोड्या पाण्यात अर्धा तास बुडवून सगळी बटणं दाबा, म्हणजे दांड्यांतलं मीठ निघेल. सामायिक टाकीत मात्र सोडून जाऊ नका. दुसऱ्याचा जड संच वर पडून डोमला ओरखडा जातो.

गळती होते ती बहुधा पहिल्या दोन-तीन मीटरमध्येच, कारण तिथे दाब कमी असतो आणि कडं पुरतं बसलेलं नसतं. म्हणून उतरताच हाउसिंग डोळ्यांसमोर धरून बुडबुडे बघा. खोलवर आत पाणी दिसलं तर पोर्ट खाली करा, पाणी काचेच्या बाजूला साठतं आणि कॅमेरा थोडा वाचतो. आणि नेहमीच्याच वेगाने, सेफ्टी स्टॉप (वर येताना घ्यायचा थांबा) घेऊन वर या. कॅमेरा दुसरा मिळतो.

घेण्याचा क्रमही सांगतो, सगळं एकदम उचलू नका. आधी टीजी, हाउसिंग, ट्रे आणि व्हिडिओ लाइट. मग अ‍ॅक्शन कॅमेरा. स्ट्रोब आठ-दहा डाइव्हनंतर. पस्तीस डाइव्ह झाल्यात म्हणजे बॉयन्सी, म्हणजे पाण्यात एका खोलीवर स्थिर राहणं, बरी असेल, पण एक चाचणी करून बघा : ५ मीटरवर हाताची घडी घालून, फिन न हलवता, तीन मिनिटं एकाच खोलीवर राहता येतं का? डोळे कॅमेऱ्याच्या पडद्यावर खिळले की बॉयन्सी आणखी बिघडते, फिनने गाळ उडतो, आणि तुमच्या मागून येणाऱ्यांचेही फोटो जातात. प्रवाळावर गुडघा टेकून काढलेल्या फोटोची किंमत तो प्रवाळ मोजतो. ट्रे सगळं लावून पाण्यात दोन-तीनशे ग्रॅमने जड राहील इतके फ्लोट आर्मला लावा. पूर्ण हलका ट्रे मॅक्रोत हातात तरंगत राहतो, आणि फार जड ट्रे अर्ध्या तासात मनगट दुखवतो.

राहिला फोन. मऊ पिशवी स्नॉर्कलिंगला, पाण्याच्या वरच्या थरात ठीक आहे. स्कूबाला नाही. १० मीटरवर पिशवीतल्या हवेचं आकारमान निम्मं होतं, प्लास्टिक पडद्याला चिकटतं, आणि स्पर्श एक तर बंद पडतो किंवा आपोआप सगळीकडे होत राहतो. आयपी६८ हा शिक्का गोड्या, स्थिर पाण्यातल्या चाचणीचा आहे. बोटीवरून उडी मारून खाऱ्या पाण्यात जाण्याचा त्याच्याशी संबंध नाही. फोनसाठी कडक हाउसिंग मिळतात, बाहेरची बटणं ब्लूटूथने फोनला जोडलेली, साधारण ४० मीटरपर्यंतची. त्यातलं घेणार असाल तर आतली हवा पंपाने खेचून गळती आधीच दाखवणारं घ्या, आणि उतरण्यापूर्वी वीस मिनिटं हिरवा दिवा टिकतो का ते बघा.